दळवींचे पट्टे

दळवी आमच्या घरी पहिल्यांदा आले, तेव्हा चहा घेण्याआधी त्यांनी आमच्या पुस्तकांच्या कपाटाला कंबरपट्टा बांधला.

आखातातल्या वादी कबीर भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांच्या तावडीतून सुटलेली वस्तू सापडणं कठीण. "वस्तू पडत नाही हो, आधी पसरते," असं म्हणत ते खिशातून लोकरी पट्टा काढतात. गणपतीच्या मखराला त्यांनी असे पट्टे आवळले, की विसर्जनाची आरती संपली तरी मूर्ती बाहेर निघेना. माणसंही त्यांना तशीच दिसतात. वरच्या मजल्यावर नवरा-बायकोचं वाजलं, की म्हणतात, "पसरतोय संसार. वेळेत आवळायला हवा."

हे वेड नोकरीतलं. चिपळूणचे दळवी वाळवंटातल्या एका टूरिस्ट कॅम्पवर मेंटेनन्स बघतात. तिथल्या मालकाने, त्यांच्या भाषेत अर्बाबने, किर्गिझस्तानहून जाड लोकरी नमद्याचा गोल तंबू मागवला. सोबत तो उभारणारे दोन कारागीर आले. भाषा कोणालाच कोणाची कळत नव्हती. दळवी 'यल्ला' म्हणजे चला आणि 'खलास' म्हणजे संपलं, एवढ्यावर सगळं शिकले.

गेल्या थंडीत एका शुक्रवारी ते आम्हाला तिकडे घेऊन गेले.

"बघा वहिनी, एक खिळा नाही," ते माझ्या बायकोला म्हणाले. छताच्या काठ्या लाकडी जाळीच्या भिंतीला बारीक पट्ट्यांनी बांधलेल्या होत्या. एक रुंद, नक्षीदार पट्टा सगळ्या भिंतीला वेढा घालून होता. "छताचं वजन भिंतीला बाहेर ढकलतं. हा तिला धरून ठेवतो."

आमच्या रेवाने विचारलं, "काका, डिझाईन आतमध्ये का आहे? बाहेरून कोणाला दिसतच नाही."

"आई विणते ना मुलीच्या लग्नासाठी. परक्या तंबूत आडवं पडल्यावर मुलीला आईचं काम दिसावं." मग म्हणाले, "आमच्या सायलीला आम्ही फ्रिज दिला. लग्न मी फोनवर बघितलं. रजा मिळाली नाही."

मग ते आम्हाला तंबूच्या मागे घेऊन गेले. वाळूत खुंट्या ठोकून विणकामाचा ताणा लावला होता. शेजारच्या वस्तीतल्या, वाळवंटातल्या भटक्या बदू जमातीच्या एका आजीकडून दळवी विणायला शिकत होते. लाल-पांढरी पट्टी जेमतेम वीतभर झाली होती, आणि तीही वाकडी.

"सायलीच्या बाळाच्या पाळण्याला," ते म्हणाले. "वाकडं जातं, मग उसवतो."

"छानच की," बायको म्हणाली. "बाळ कधी होणार आहे?"

दळवी मांडी घालून वाळूत बसले आणि शेवटची ओळ उसवू लागले.

"झालं ना," खाली बघतच ते म्हणाले. "आता चालायला लागलंय."