पहिल्या प्रकरणातल्या आया

लेकीला वाचून दाखवायचं प्रत्येक पुस्तक जपूनबाई आधी स्वतः चाखून बघत असे. पूर्वी राजाच्या ताटातला पहिला घास दुसराच कोणीतरी खायचा, विषबिष आहे का ते बघायला, तसं.

जपूनबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. जिन्यात कोणीही भेटलं की "जपून हं, पायरी ओली आहे," असं ती म्हणायची, पायरी कोरडी ठणठणीत असली तरी. त्यावरून बिल्डिंगने हे नाव ठेवलं होतं. तिचा तरी काय दोष? ती विमा कंपनीत दावे तपासायची. दिवसभर माणसं कशाकशाने मरतात ते वाचायचं आणि संध्याकाळी घरी येऊन त्यातलं आपल्या घरात काय काय आहे ते बघायचं. शिडी होती. गिझर होता. पडद्याची दोरी होती. घशात अडकणारी द्राक्षं तर दर आठवड्याला यायची.

अशा बाईच्या लेकीला वेड लागावं ते जादूच्या गोष्टींचं! एकेका मालिकेचे सहा-सात जाडजूड भाग, उशाशी ठेवले तर मान लचकेल असे. जपूनबाईने चार मालिका आधी वाचून काढल्या. चौघा लेखकांची एकमेकांशी ओळख नसावी, पण चौघांनी गोष्टी एकाच साच्यातून काढल्या होत्या. पोर दहा-अकरा वर्षांचं. अंगावर कुठेतरी एक खूण. लांब दाढीचा एक म्हातारा, ज्याला सगळं माहीत असतं, पण शेवटच्या भागापर्यंत तो तोंडातून ब्र काढत नाही. एक मुकं जनावर. एक हुशार मैत्रीण, एक खादाड मित्र. आणि एक महादुष्ट, जो जगाचं वाटोळं करायला निघालेला असतो, पण मुलांची वार्षिक परीक्षा होईपर्यंत दम धरतो.

इथवर ठीक होतं. पण आई? चारही मालिकांत आई पहिल्याच प्रकरणात गेलेली. एक जळून, एक बुडून, एक शापाने, आणि चौथीचं तर कारणही दिलं नव्हतं. ऑफिसात असा दावा आला असता तर जपूनबाईने तो दारातूनच परत पाठवला असता.

"अगं, आई जिवंत असेल तर पोराला राक्षसाशी लढायला कोण पाठवेल?" नवरा म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं, त्यामुळे त्याला सगळं स्वच्छ दिसायचं. "ती म्हणेल, आधी स्वेटर घाल. झालं, गोष्टच संपली."

पटण्यासारखं होतं, म्हणूनच ते तिच्या जास्त जिव्हारी लागलं. सगळ्या जगातल्या शहाण्या माणसांनी एकमताने ठरवलं होतं, की पोराचं काही भलं व्हायचं तर आधी आईला वाटेतून दूर करा. आणि हे आपल्या लेकीने ऐकायचं? रोज झोपताना? अंगाई म्हणून?

मग तिने एक युक्ती काढली. वाचता वाचता मरणाची ओळ आली, की आवाजात तसूभरही फरक न करता ती ओळ गाळायची आणि पदरचं काहीतरी घालायचं. पहिल्यांदा ती वेळ आली तेव्हा तिच्या डोक्यात ऑफिसचं परिपत्रक घोळत होतं. तोंडून निघून गेलं, "आणि मग त्याची आई ट्रेनिंगला गेली." आता त्याच ओळीत गेलेल्या बापाची विल्हेवाट लावायची राहिली. "बाबा तिला स्टेशनवर सोडायला गेले." लेकीने मान डोलावली. गोष्ट पुढे सरकली. दुसऱ्या मालिकेतही आई ट्रेनिंगला गेली, बाबा सोडायला गेले. तिसऱ्या आणि चौथ्या मालिकेतही तेच.

सासूबाई रोज लोकर-सुया घेऊन गोष्ट ऐकायला बसायच्या. त्या एकदा म्हणाल्याही, "काय मेल्या या नोकऱ्या! बघावं तेव्हा ट्रेनिंग. आणि सोडायला गेलेला बाप तरी माघारी यायला नको का?"

"गाडी चुकली असेल त्याची," जपूनबाई म्हणाली आणि तिने पान उलटलं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना, नेमकं लेकीला अकरावं लागायच्या तोंडावर, विमा कंपनीने कॉम्प्युटरची नवी पद्धत आणली आणि ती शिकायला जपूनबाईला दुसऱ्या शहरात जाण्याचा हुकूम निघाला. ही बातमी तिने जेवताना सांगितली. आपण काय बोलतोय हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"मला की नाही, तीन दिवस ट्रेनिंगला जायचंय."

लेकीच्या हातातला चमचा ताटात पडला. सासूबाईंचा घास हातातच राहिला.

"कसलं ट्रेनिंग?" लेकीने विचारलं.

"ऑफिसचं गं. कंटाळवाणं असतं."

"काळजी नको," नवरा उत्साहाने म्हणाला, "मी येतो ना तुला स्टेशनवर सोडायला."

लेक पांढरीफटक पडली. ती पानावरून उठली ती थेट अंथरुणात शिरली. जपूनबाईने तिला ताप आहे का ते बघितलं. नव्हता. पुन्हा बघितलं. मग थर्मामीटर बिघडलाय का ते बघायला नवऱ्याच्या काखेत लावला.

पुढचे दिवस पोर मनाशी काहीतरी जुळवत होती. काय, ते जपूनबाईला नंतर कळलं. पोरीच्या कोपरावर इस्त्रीचा चटका बसून चंद्रकोरीसारखा डाग उठला होता. जिन्यातलं मांजर रोज तिच्यामागून वर यायचं. आणि खालच्या मजल्यावर छातीपर्यंत पांढरी दाढी असलेले एक डॉक्टर नुकतेच राहायला आले होते. त्यांनी जिन्यात तिला गाठून म्हटलं होतं, "अच्छा, ती मुलगी तूच का! मी तुझीच वाट बघत होतो." पुढे ते असंही म्हणाले, की तुझ्या चेंडूने माझी कुंडी फुटली. पण ते ऐकायला ही जागेवर होती कुठे?

जायची सकाळ उजाडली. बॅग दाराशी तयार होती. जपूनबाई अंघोळ करून, कपडे चढवून बाथरूमचं दार ढकलणार, तोच बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला, आणि मागोमाग कुलूप लागल्याचा.

"कोण आहे? उघड गं! माझी गाडी आहे!"

"म्हणूनच उघडत नाहीये," लेकीचा आवाज आला.

"आई, अहो, तुम्ही तरी सांगा ना तिला!" जपूनबाईने सासूबाईंना साद घातली.

"मी काय सांगू?" सासूबाई पलीकडून म्हणाल्या. "कुलूप मीच शोधून दिलं. तुझ्याच बॅगेचं आहे, चांगलं मजबूत आहे. तू जाऊ नकोस बाई. मला या ट्रेनिंगचं लक्षण काही ठीक दिसत नाही."

"किल्ली कुठे आहे?"

"फेकली," लेक म्हणाली.

"फेकली? कुठे?"

"गॅलरीतून. तू रडलीस तर मी उघडीन म्हणून."

जपूनबाईने आजूबाजूला बघितलं. ओली फरशी. वर गिझर. अरुंद खिडकी. घरात पाय घसरून होणाऱ्या अपघातांत बाथरूम पहिल्या नंबरावर आहे, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि तिने नळाला घट्ट धरलं. मग नळ तुटून होणारे अपघात आठवले, तसा नळही सोडला.

इकडे किल्ली पडली ती डॉक्टरांच्या उरल्यासुरल्या कुंड्यांपैकी एकीत. झाडांना पाणी घालणाऱ्या डॉक्टरांनी वर बघितलं, सुस्कारा सोडला आणि किल्ली परत द्यायला ते जिना चढू लागले. टॅक्सी थांबवून बॅग न्यायला वर येणारा नवरा त्यांना वाटेत भेटला. दोघं मिळून दाराशी आले आणि त्यांनी बेल वाजवली.

लेकीने दाराच्या भिंगातून बघितलं. दारात पांढरी दाढी. दाढीवाल्याच्या हातात किल्ली. आणि त्याच्यामागे निमूटपणे उभे असलेले बाबा.

तिने अशी किंकाळी फोडली, की बाथरूममध्ये जपूनबाईने सोडलेला नळ पुन्हा धरला.

"आजी, तो आला! बाबांना त्याने आधीच धरलंय!"

सासूबाईंनी दाराची साखळी लावली, वरची कडी लावली आणि वर छत्रीची दांडी अडकवली.

"अगं, काय झालं? उघड ना! टॅक्सीचं मीटर चालू आहे!" नवरा बाहेरून ओरडला.

"बाबा, तुम्ही त्याच्याशी बोलू नका!"

डॉक्टर भूल देण्यातले तज्ज्ञ होते. घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं, हे त्यांना आयुष्यभराच्या सवयीने माहीत होतं. दाराच्या फटीशी तोंड नेऊन ते मऊ, खोल आवाजात म्हणाले, "बाळ, घाबरायचं नाही. डोळे मीट. एक दीर्घ श्वास घे. आता दहापासून उलटं मोज बघू."

"कान झाक गं!" सासूबाई ओरडल्या. "मंत्र घालतोय मेला!"

लेक आता रडू लागली. हट्टाचं रडणं आणि लाडाचं रडणं जपूनबाई झोपेतही ओळखायची. हे तिसरंच होतं. एवढीशी पोर खरोखरीच्या भीतीने, श्वास अडकवत रडत होती, आणि आई तीन हातांवर असून तिला जवळ घेता येत नव्हतं. गाडी, ऑफिस, ओली फरशी, सगळं तिच्या डोक्यातून उडालं. ती दाराला चिकटली.

"इकडे ये. दाराजवळ ये, राणी. मला सांग, तुला कसली भीती वाटतेय?"

"तू परत येणार नाहीस."

"का नाही येणार? तीन दिवसांनी येईन की!"

"कोणाचीच आई आली नाही! एकाही गोष्टीत नाही! ट्रेनिंगला जातात आणि येतच नाहीत. सात-सात भाग झाले तरी येत नाहीत!"

जपूनबाईने डोळे मिटले. एवढे दिवस गाळलेल्या ओळी घशाशी आल्या. आता खरं सांगितलं तर पोर आणखी घाबरेल, आणि नाही सांगितलं तर...

"त्या ट्रेनिंगला गेल्याच नव्हत्या," ती म्हणाली. "मी खोटं वाचलं. त्या मेल्या होत्या."

दारापलीकडच्या नवऱ्याने बेलवरचं बोट काढलं.

"कोण मेल्या होत्या?" लेकीने विचारलं.

"सगळ्या आया."

"सगळ्या?"

"हो. पहिल्याच प्रकरणात."

"आणि सोडायला गेलेले बाबा?"

"तेही. कोणी कोणाला सोडायला गेलं नव्हतं."

जपूनबाई हुंदक्याची वाट बघत राहिली. पण लेकीने नाक ओढल्याचा आवाज आला आणि मग एक भलामोठा, मोकळा सुस्कारा.

"एवढंच ना? मग आधी सांगायचं ना, आई!"

"एवढंच?"

"मला वाटत होतं, त्यांना यायचंच नव्हतं. पोराला राक्षस धरतो, त्याचा हात मोडतो, तो एकटा पडतो, आणि ही बाई तिकडे ट्रेनिंग घेत बसलीय. एक फोनसुद्धा करत नाही! मेल्यावर कशी येईल बिचारी? मेल्यावर चालतं."

"अगदी बरोबर आहे," सासूबाई डोळे पुसत म्हणाल्या. "मी तर त्या चौथीला रोज शिव्या घालत होते. मेलेल्या बाईला शिव्या घातल्या की गं मी!"

जपूनबाई ओल्या फरशीवर बसली. तिने आयांना मरणातून वाचवलं होतं आणि पोरांना टाकून जायला लावलं होतं.

पुढचं भराभर झालं. छत्री निघाली, साखळी निघाली. डॉक्टरांनी किल्ली लेकीच्या हातात दिली आणि कुंडीचा विषय आज काढावा की नाही, याचा विचार करत ते खाली गेले. कुलूप उघडल्यावर जपूनबाईने लेकीला इतकं घट्ट कवटाळलं, की पोरीला म्हणावं लागलं, "आई, सोड, श्वास कोंडतोय." मग लेकीनेच बॅग ओढत दारापर्यंत नेली. "पळ, गाडी चुकेल!" जपूनबाईचा पाय निघत नव्हता आणि पोर तिला पाठीमागून ढकलत होती. अख्ख्या जिन्यात ती एकदाही कोणाला जपून म्हणाली नाही.

संध्याकाळी त्या परक्या शहरातल्या लॉजच्या खोलीत शिरल्या शिरल्या तिने खिडकीच्या कड्या तपासल्या, पंख्याचे स्क्रू खालून निरखले आणि घरी फोन लावला. लेकीने उचलला.

"काय करतेयस?"

"पुस्तक वाचतेय, माझं मीच. पहिल्यापासून. आई, खऱ्या पुस्तकात काय धमाल आहे! तू पानंच्या पानं खाल्लीस!"

"भीती नाही ना वाटत?"

"छे!"

"आणि घरी सगळं ठीक?"

पलीकडून ऐकू आलं ते आधी सासूबाईंचं कुजबुजणं, काहीतरी फुटकं झाडूने गोळा केल्याचा आवाज, आणि नवऱ्याचं दबकं, "अगं, नको सांगूस तिला, घाबरेल."

"हो," लेक म्हणाली. "आजी बरी आहे. बाबा बरे आहेत. सगळे बसून जेवतायत."

आवाज सरळ होता. त्यात तसूभरही फरक नव्हता. जपूनबाईने फोन कानाशी घट्ट धरला. पोरीने मधल्या कितीतरी ओळी गाळल्या होत्या, आणि इतक्या सफाईने, की आईवाचून दुसऱ्या कोणाला त्या कळल्याही नसत्या.

"आणि तू आता जेव आणि झोप," लेक म्हणाली. "दाराला कडी लाव. मी उद्या पुन्हा फोन करीन."