नवरीच्या गाडीचं दार

मुंबईच्या गॅरेजवाल्याने एक महिना सांगितला होता, म्हणून आशागडच्या जीवनने दोन तास सांगितले. हा आकडा त्याने कुठून काढला हे त्यालाही ठाऊक नव्हतं. समोरचा माणूस काळजीत दिसला की जीवनच्या तोंडून लहान आकडाच निघायचा. अर्ध्या आयुष्याच्या अडचणी त्याने याच सवयीतून ओढवून घेतल्या होत्या.

या वेळी काळजीत होते नविनभाई. मसोलीला त्यांची चिकूची वाडी होती आणि वाडीतल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक जुनी परदेशी गाडी. कमरेएवढी बुटकी, दोनच माणसं बसतील अशी. तिची दारं बाजूला उघडत नसत, पक्ष्याने पंख पसरावेत तशी वर जात. प्रत्येक दार तोलून धरायला गॅसचे दोन दांडे होते, पण त्यांतला गॅस कधीच निघून गेला होता. नात रुचिकाच्या साखरपुड्याला नवरदेव हौसेने गाडीतून उतरायला गेला आणि दार त्याच्या डोक्यात बसलं. फेटा होता म्हणून निभावलं.

"जीवन, परवा छोकरीचं लगन आहे," नविनभाई म्हणाले. "जावई एकदा हसला. दुसऱ्या वेळी नाय हसणार."

"काय टेन्शन घेऊ नका, नविनभाई. डिकीच्या शॉकरसारखंच असतं ते. दोन तासांचं काम."

जीवनने चिकू तोलायचा लटकता काटा आणला, दाराच्या कडेला अडकवला आणि वर ओढला. बावीस किलो. हा आकडा त्याने तळहातावर लिहिला आणि तो वापीला जाऊन सुट्या भागांच्या दुकानात उभा राहिला.

"किती न्यूटनचा देऊ?" दुकानदाराने विचारलं.

न्यूटनशी जीवनची गाठ नववीत पडली होती आणि दोघे नाराजीनेच वेगळे झाले होते. इतक्या वर्षांनी परक्या गावात, चार गिऱ्हाइकांसमोर, तो पुन्हा आडवा येईल असं त्याला वाटलं नव्हतं. विचारून घेतलं असतं तर दुकानदाराने सांगितलंही असतं. पण विचारायचं कसं? पंचवीस वर्षं गॅरेज चालवलेला माणूस तो.

"सगळ्यात जोराचा दे," जीवन म्हणाला. "कमी पडायला नको."

कमी पडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने नवरीच्या बाजूचे दोन्ही दांडे बसवले, आधाराची काठी काढली, आणि दार थोडंसं खाली होतं ते असं काही वर गेलं की शेडमधली कबुतरं उडाली. वाडीचा जुना राखणदार काकड्या दोन पावलं मागे सरला.

"जोर आहे बरा," तो म्हणाला.

"जोर पाहिजेच," जीवन म्हणाला. "आता नवरीला आतून ओढता येतंय का तेवढं बघू."

तो नवरीच्या जागी जाऊन बसला आणि दाराचा पट्टा धरून त्याने ओढलं. दार हललं नाही. दोन्ही हातांनी ओढलं, तेव्हा दार तिथेच राहिलं आणि जीवन सीटवरून वर आला. मग काकड्या बाहेरून कडेला लटकला. त्याचे पाय जमिनीवरून सुटले आणि तो वटवाघळासारखा झुलत राहिला.

"काकड्यादादा, ते चिकूचे भरलेले क्रेट आहेत ना, दोन बांधा कडेला."

काकड्याने क्रेट बांधले आणि तो पुन्हा लटकला. दार कुरकुरत खाली आलं आणि खट्‌कन बसलं. काकड्याने दोर सोडून क्रेट बाजूला ठेवले. जीवनने आतून समाधानाने मान हलवली आणि उघडायला मूठ ओढली. मूठ त्याच्या हातात आली.

बाहेरची मूठ काकड्याने ओढली, ती जागची हलेना. दांडे दार वर ढकलत होते, त्या रेट्याने कडी खाचेत करकचून अडकली होती. राहिलं ड्रायव्हरच्या बाजूचं दार. तेही बंद होतं आणि त्याच्या मुठी सकाळी जीवननेच खोलून रॉकेलच्या डब्यात भिजत टाकल्या होत्या. त्या बसवायला मेस्तरी लागत होता, आणि मेस्तरी आत होता.

गाडीच्या काचा खाली होत नसत. फक्त हाताच्या पंजाएवढी एक झडप उघडायची. तिला तोंड लावून जीवन म्हणाला, "ओढा वर. जोरात."

काकड्याने ओढलं. मग वाडीतली आणखी चार माणसं आली, त्यांनीही ओढलं. गाडी स्प्रिंगांवर वर झाली, दार नाही. आत भट्टी झाली होती. पाण्याची बाटली झडपेतून जाईना म्हणून काकड्याने चिकू सोलून फोडी आत दिल्या. घामाने निथळत, हातात तुटकी मूठ घेऊन जीवन चिकू खात बसला. कामाचे सांगितलेले दोन तास कधीच होऊन गेले होते.

चार वाजता येणारे नविनभाई साडेतीनलाच आले. जीवनला आत बसलेला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"झालं काम? बस, बस, उठू नको."

"नाही उठत," जीवन झडपेतून म्हणाला. "आतून जरा तपासतोय."

"दार काय छान बसलंय. उतर ना, मी पण बघतो बसून."

"थोडं बाकी आहे. तुम्ही चहा घेऊन या, नविनभाई."

"चहा झाला. तू चिकू काय खातो?"

काकड्याला खोटं बोलणं कधी जमलं नव्हतं. तो म्हणाला, "शेठ, मेस्तरी अडकलेत. तासभर झाला."

नविनभाईंनी डोळे मिटले. "म्हणजे उद्या लगनात छोकरी कुठे बसणार? याच्या मांडीवर?"

जीवनला वाटलं, गाडीची जमीन दुभंगावी. निदान सुटका तरी होईल.

एवढ्यात बायजी आली. ती वाडीत चिकू निवडायची, अंगाने भक्कम, आणि तिला तिचे दोन क्रेट हवे होते. माणसं दार ओढताना ती क्षणभर बघत राहिली.

"ओढता कशाला?" ती म्हणाली. "पेटीत कपडे ठासून भरले तर कडी सुटते का ओढून? झाकणावर बसावं लागतं."

जीवनला आत बसल्या बसल्या सगळं लख्ख कळलं आणि ते आपल्याला का सुचलं नाही हेही कळलं: तो तासभर मेस्तरी म्हणून विचार करत होता.

"बस बायजी," तो म्हणाला. "पण खाली गोणपाट टाक."

बायजी दारावर चढून बसली. काकड्याने मूठ ओढली. कडी लोण्यासारखी सुटली आणि दार उघडू लागलं. झटक्याने नाही, अगदी हळुवार. मांडी घातलेली बायजी त्याच्याबरोबर थोडी वर गेली, मग घसरत शांतपणे पलीकडे उतरली. दार लगेच उरलेलं अंतर धाडकन वर गेलं.

"हे मस्त होतं," नविनभाई म्हणाले. "पण छोकरीच्या संसारात बायजीला कुठे कुठे पाठवू?"

जीवन बाहेर आला, घटाघट पाणी प्यायला आणि मग खरं काय ते बोलला. "चुकलं माझं. न्यूटन कळला नाही. आणि विचारायची लाज वाटली."

मग त्याने दोनातला एक दांडा काढला. दार बोटाने खाली आलं आणि बोटाने वर गेलं. काढलेला दांडा दुसऱ्या दाराला बसवला, मुठी दुरुस्त करून लावल्या. लग्नात रुचिका शालू सावरत ऐटीत उतरली. नवरदेव मात्र डोक्यावर हात ठेवूनच उतरला. पाहुण्यांनी मेस्तरी कोण म्हणून विचारलं, तेव्हा नविनभाईंनी सगळी गोष्ट सांगितली, फोडींसकट.

आठ दिवसांनी तलासरीचा एक टेम्पोवाला आशागडला आला. त्याच्या टेम्पोचं मागचं दार माल भरल्यावर अडकून बसलं होतं. जीवन हात पुसत पुढे झाला.

"तुम्ही नाही," टेम्पोवाला संकोचाने म्हणाला. "बायजी मेस्तरी इथेच असतात ना?"

जीवनने त्याच्याकडे पाहिलं, मग टेम्पोच्या दाराकडे. दार दोन तासांचं वाटत होतं.

"मसोलीला असते," तो म्हणाला. "चला, मीपण येतो. बघायचंय मला."