नजमाआपा आणि यादीत नसलेला दिवस

"आज काय दिवस हाये, मालूम हाये?"

आमच्या शिरपुरात सकाळी सकाळी हा प्रश्न कानावर पडला की भलेभले गल्ली बदलतात. प्रश्न विचारणाऱ्या नजमाआपा. बुधवार, गुरुवार असलं उत्तर त्यांना चालत नाही. त्यांना सण तरी हवा, नाहीतर जागतिक काहीतरी दिन तरी. आपा पस्तीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या, असं सरकार समजतं.

मी त्यांचा शेजारी आणि जिल्हा परिषद शाळेतला मास्तर. दिनविशेषांची सरकारी यादी माझ्याकडे असते, म्हणून आपा मला थोडाफार मान देतात. बाकी त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर लाल शाईनं इतकं भरलेलं असतं की त्यातून तारीख शोधायला मलाच चष्मा लागतो.

त्यांची पद्धत साधी आहे. सणाला माणसं आपणहून जमतात, मग त्यातच एखादा दिवस उरकून घ्यायचा. हात धुवा दिवस दिवाळीच्या आगेमागे येतो, म्हणून आपा आमच्या घरी फराळाला येतात त्या पदरात साबणाची वडी घेऊनच. "चकली मंगानं, साबण पह्यले!" माझ्या सासऱ्यांनाही त्यांनी ओळीत उभं केलं होतं. ईदेला त्यांच्या दारात अंगणवाडीतला जुना वजनकाटा टांगलेला असतो. गल्लीतल्या पोरांना ईदी मिळते, पण आधी काट्यात लोंबावं लागतं. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर खायला जातात आणि पाण्याच्या टाकीवर झाकण आहे का ते बघून येतात. आमच्या गावात ख्रिस्ती घर एकही नाही, पण नाताळला त्या दवाखान्यातल्या जुन्या सिस्टरबाईंना फोन लावून केक खाल्ला की नाही ते विचारतात.

पर्युषणाच्या शेवटी जैन मंडळी एकमेकांची क्षमा मागतात. आपाही मागतात. एकदा मंदिराजवळच्या किराणा दुकानात शिरल्या, शेठजींपुढे हात जोडले आणि म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्, शेठ. सालभर लय बोलली मी तुमाले. पन नातवाचा पोलिओचा डोस कायले चुकवला?" बिचारे शेठजी क्षमा करावी की मागावी या पेचात पडले.

आता यांचा स्वतःचा वाढदिवस. तो एक जुलै. पण तो एकट्या आपांचा नाही. त्यांच्या वर्गातल्या सगळ्याच पोरांचा तोच आहे, कारण शाळेत नाव घालताना कोणालाच तारीख माहीत नव्हती आणि तेव्हाच्या मास्तरांनी सरसकट एक जुलै लिहून टाकली. शेठजी, पाटलांचे नामदेवराव, विहाराजवळचे गौतमबुवा, सगळे एकाच दिवशी जन्मलेले! आपांनी त्याचा सणच करून टाकला. दर एक जुलैला त्यांच्या अंगणात ही सत्तरीची पोरं जमतात, पातेलंभर शिरखुर्मा संपवतात आणि एकमेकांचं ब्लडप्रेशर मोजून घेतात. असा सर्वधर्मीय वाढदिवस दुसऱ्या कुठल्या गावात होत असेल तर मला दाखवा. मी पाहुण्यांना आवर्जून सांगतो.

आमचं बिनसायचं ते फक्त एका तारखेवरून. तेरा डिसेंबर. त्या दिवशी आपा शेंगदाणा-गुळाचे लाडू घेऊन गावातल्या प्रत्येक गरोदर बाईच्या घरी जातात. लाडू समोर बसून खायला लावतात आणि दवाखान्यातच बाळंत होईन असं कबूल करून घेतात. म्हणतात, "आज गरोदर बायांचा दिवस हाये."

मी यादी तीनदा चाळली. "आपा, असा दिवस यादीतच नाही."

"मंग यादी चुकली असन, सर."

यंदा जूनमध्ये मुलीच्या जातपडताळणीसाठी मी तहसिलातून जुन्या कोतवाल बुकाची नक्कल काढली. पूर्वी गावचे जन्ममृत्यू कोतवाल त्यात लिहीत असे. माझ्या काकांच्या जन्मनोंदीखालीच दुसरी नोंद होती: शेख बाबू पिंजारी यांस मुलगी. म्हणजे आपाच, त्या बाबूंच्या एकुलत्या एक. मला आनंदानं उडीच मारावीशी वाटली. आपांना खरा वाढदिवस द्यायचा, तोही भर अंगणात, सगळ्या वर्गासमोर! त्याही पानाची नक्कल घेतली आणि एसटीत बसून नीट वाचली. तारीख तेरा डिसेंबर. शेजारच्या मृत्यूच्या रकान्यात तीच तारीख: शेख बाबू यांची बायको, बाळंतपणात.

एक जुलैला कागद खिशातच ठेवून मी शिरखुर्मा खाल्ला. सगळे गेल्यावर आपा म्हणाल्या, "सर, आज तुमी गप काहून? खिशात काय हाये?"

मी कागद दिला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि मृत्यूच्या रकान्यावरून बोट फिरवलं.

"दादीनं सांगतलं होतं मले. कागदावर आज पाह्यलं."

"मग एवढी वर्षं एक जुलै?"

"अम्मी गेली त्या दिवशी मी खुशी कशी करू, सर? घरात त्या तारखेचं कोनी नाव बी घेत नोतं. मास्तरनं मले दुसरा दिवस देल्ला, हसाचा." त्यांनी कागद नीट घडी करून कॅलेंडरच्या मागे खोचला. मग ताठ बसल्या. "पन एक सांगतो तुमाले. पस्तीस सालात माह्या अंगनवाडीची एक बी बाई तशी गेली नाई. एक बी नाई."

आपांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मान ताठ होती. मला इतका अभिमान वाटला की मी उठून त्यांच्या पाया पडलो.

डिसेंबरच्या तेरा तारखेला शाळेच्या फळ्यावर दिनविशेषाखाली मी ठळक अक्षरांत लिहिलं: आज गरोदर बायांचा दिवस. नेमके त्याच दिवशी केंद्रप्रमुख तपासणीला आले. फळ्यापुढे थबकले, हातातलं परिपत्रक उलटसुलट केलं.

"गुरुजी, हा दिवस यादीत दिसत नाही."

मी म्हणालो, "मग यादी चुकली असेल, साहेब."