कर्नल नक्की मेला कसा?

मोतीबिंदूचं दुसरं ऑपरेशन आटोपून सासूबाई धाकट्या मुलीकडे विश्रांतीला आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत औषधांची डबी, काळा चष्मा आणि वाचनालयातून आणलेली सहाशे चाळीस पानांची एक जुनी कादंबरी होती.

"अगं आई, डॉक्टरांनी महिनाभर वाचन बंद सांगितलंय ना?" मुलगी म्हणाली.

"वाचायचं नाही म्हणालेत. ऐकायचं नाही असं कुठे म्हणालेत?" सासूबाईंनी पुस्तक उचललं आणि अंदाजाने जावयाच्या मांडीवर ठेवलं. "जावईबापू, रोज संध्याकाळी एक तास. तुमच्यासारखा वाचणारा माणूस घरात असताना मी का उपाशी राहू?"

जावयाने पुस्तकाची जाडी बोटांनी मोजली आणि तो धास्तावला. त्याचं कारण बारा वर्षं जुनं होतं. लग्नाआधीच्या पहिल्या भेटीत सासूबाईंनी, म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापिकाबाईंनी, त्याला आवड विचारली होती. समोर पुस्तकांचं कपाट होतं, त्यावर नजर गेली आणि तोंडातून निघून गेलं, "अभिजात कादंबऱ्या." प्रत्यक्षात हा लिफ्ट तपासनीस. दिवसभर इमारतींमधल्या लिफ्टचे दोर, ब्रेक, दरवाजे पाहायचे, 'दोष आढळला नाही' असं लिहून सही ठोकायची आणि घरी येऊन सामना बघायचा. वाचन म्हणाल तर तेवढंच, स्वतःचं लिहिलेलं.

पण त्या एका वाक्यावर त्याची सासरी चंगळ चालली होती. सासूबाई चारचौघांत सांगायच्या, "आमचे धाकटे जावई वाचणारे आहेत हो. थोरले दातांचे डॉक्टर आहेत, बिचारे." तो 'बिचारे' ऐकायला आपला गडी दरवर्षी हौसेने सासरी जायचा. दातांच्या डॉक्टरकडे मोठी गाडी होती, समुद्राकाठी फ्लॅट होता. याच्याकडे फक्त तो 'बिचारे' होता. तो गेला तर मागे काहीच उरत नव्हतं.

पहिले चार दिवस बरे गेले. एक कर्नल, त्याचा वाड्याएवढा बंगला, भांडकुदळ धाकटा भाऊ आणि खिडकीत बसणारी त्याची मुलगी. पाचव्या दिवशी धुकं सुरू झालं. एक पान झालं, दोन झाली, नऊ पानं झाली तरी लेखक धुक्यातून बाहेर येईना. तिकडे सामन्याची वेळ झालेली. जावयाने आवाजात जराही फरक न करता एकदम वीस पानं उलटली आणि वाचलं, "कर्नलच्या मृत्यूला आता सहा महिने झाले होते."

"अहो थांबा!" सासूबाई ताठ बसल्या. "आत्ता तर तो पत्र लिहीत बसला होता. मेला कधी? मेला कसा?"

मागे जाऊन ती वीस पानं वाचायची, एवढं साधं काम होतं. पण मागे गेलं की पानं गाळल्याची चोरी पकडली जाणार. जावयाला घाम फुटला. सकाळी एका जुन्या इमारतीची लिफ्ट तपासली होती, तेवढीच डोक्यात ताजी होती.

"लिफ्टमध्ये," तो म्हणाला.

"त्या काळी लिफ्ट?"

"दोरखंडाची होती, आई. चार नोकर खालून ओढायचे. ऐका ना." आणि पुस्तकात डोकं खुपसून त्याने कर्नलला मारलं. दोराचा पीळ कुठे उसवला होता, तेल किती महिने घातलं नव्हतं, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे पाळणा कसा हिसका देऊन थांबला, काळोखात कर्नलने मुलीला कशी हाक मारली, सगळं बारीकसारीक. या विषयात त्याचा हात धरणारा त्या शहरात कोणी नव्हता. सांगता सांगता तो सामनाही विसरला. सासूबाई काळ्या चष्म्याखालून डोळे पुसायला लागल्या तसं बायकोने डोळ्यांना हात नको म्हणून ओरडून त्यांचा हात धरला.

"आता कुठे लेखक रंगात आलाय," सासूबाई म्हणाल्या. "उद्या जरा लवकर बसू."

इथून पुढे पुस्तकाचा आणि जावयाचा काडीमोड झाला. चार नोकर आणले म्हटल्यावर त्यांची चौकशी आली. चौकशी आली म्हणजे तपासनीस आला. हा तपासनीस दिसायला साधा पण मनाचा निर्मळ होता, आणि खिडकीतली मुलगी त्याच्याकडे पाहायला लागली होती. बायको दारातून खुणा करायची, "अहो, पान तरी उलटा अधूनमधून." तिला सगळं ठाऊक होतं, पण तपासनिसाचं पुढे काय होतं ते तिलाही ऐकायचं होतं. जावयाने सामने बघणं सोडलं. लिफ्टच्या छतावर उभा राहून तो संध्याकाळचं प्रकरण रचायला लागला. महिना संपायच्या आत तपासनिसाचं आणि त्या मुलीचं लग्न लागलं, पुस्तक वाचनालयात परत गेलं, आणि जावयाने सुटकेचा श्वास सोडला.

तो पुरता सोडून व्हायच्या आत वाचनालयाच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका टपालाने आली. पहिलाच लेख सासूबाईंचा! दुपारी जावई कामावर असताना त्यांनी तो फोनवरून ग्रंथपालबाईंना सांगून उतरवून घेतला होता. 'ही थोर कादंबरी मी आज तिसऱ्यांदा अनुभवते आहे,' अशी सुरुवात होती. आणि पुढे दोन पानं नुसती लिफ्ट. 'दोरखंडाने वर जाणारा पाळणा म्हणजे माणसाचा अहंकार. तो ओढणारे हात कर्नलने कधी पाहिलेच नाहीत. जगाच्या साहित्यात असा मृत्यू दुसरा नाही.'

"तिसऱ्यांदा?" जावई बायकोला म्हणाला. "मग आईंना कळलं कसं नाही?"

"वय झालं, विसरली असेल," बायको म्हणाली. "पण रविवारी प्रकाशन समारंभ आहे. तिथे शंभर वाचणारे लोक येणार. एकाने जरी उठून विचारलं, बाई, ही लिफ्ट कुठली, तर?"

जावयाला 'बिचारे' आठवला, आणि मग, खरं सांगायचं तर, तो विसरलाही. चाळीस वर्षं जिने पोरांना वाचायला शिकवलं तिचं भर सभेत हसं होणार, आणि तेही आपल्यामुळे, या विचाराने त्याला रात्रभर झोप लागली नाही. सांगून टाकावं म्हणून तो तीनदा सासूबाईंच्या खोलीच्या दारापर्यंत गेला आणि तीनदा पाणी पिऊन परत आला.

रविवारी सभागृह गच्च भरलं होतं. अध्यक्ष होते एक निवृत्त प्राध्यापक, साहित्यातला शेवटचा शब्द. ते स्मरणिका हातात घेऊन उठले आणि जावयाने शेजारी पाहिलं. सासूबाई पदराचं टोक पिळत होत्या.

"बाईंचा लेख वाचला," प्राध्यापक म्हणाले आणि चष्मा काढून थांबले. "तो लिफ्टचा प्रसंग! विशीत मी तो पहिल्यांदा वाचला तेव्हा दोन दिवस जेवलो नव्हतो. पुढे वर्गात शिकवतानाही तिथे आलं की माझा आवाज फुटायचा नाही."

टाळ्या पडल्या. एक बाई उठून म्हणाल्या की त्यांना मात्र चौकशीचा भाग जास्त भावतो. एक गृहस्थ म्हणाले, नव्या आवृत्तीत तो भाग छाटलाय, हा लेखकावर अन्याय आहे. जावई आ वासून बघत राहिला.

समारंभ संपल्यावर दोघं बाहेर पायऱ्यांवर आली. सासूबाईंनी आजूबाजूला कोणी नाही हे पाहून घेतलं.

"जावईबापू, शेवटी तपासनिसाचंच लग्न लागलं तेव्हाच मला शंका आली. लिफ्ट पुस्तकात नाहीये ना?"

"नाही, आई." त्याने मान खाली घातली. "माझं चुकलं. मी उभ्या जन्मात एकही कादंबरी पुरी वाचलेली नाही."

सासूबाई पायरीवर टेकल्या. मग हळूच म्हणाल्या, "मीही ही वाचलेली नाही. दोनदा सुरू केली, दोनदा त्या धुक्यात अडकले. चाळीस वर्षं लोकांना वाचा म्हणून सांगत आलेय. लेख मागितला तेव्हा म्हटलं, निदान तुमच्या तोंडून तरी शेवट कळेल." आणि त्या एकदम हसायला लागल्या. जावईही हसला. बारा वर्षांत ती दोघं एकमेकांशी पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलत होती.

"पण मग कर्नल मेला कसा हो?" सासूबाईंनी विचारलं.

"देव जाणे."

"चला आत. आत्ताच घेऊ पुस्तक. आज बसून दोघं मिळून वाचून काढू."

ग्रंथपालबाई टेबल आवरत होत्या. पुस्तकाचं नाव ऐकताच त्यांनी मान हलवली.

"गेलं ते. प्राध्यापकसाहेब भाषण झाल्या झाल्या मागच्या दाराने आले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेले. त्यांच्यामागे नंबर लागलेत. सगळे कानात येऊन सांगून गेले, कुणाला बोलू नका म्हणून. लिहू तुमचं नाव? चौदावा नंबर येईल."

सासूबाईंनी जावयाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"लिहा," त्या म्हणाल्या, "पण यांच्या नावावर लिहा."