उणे एकशे अठ्ठावीस सेंटिमीटर पाणी

मंडळी, अख्ख्या लोणी भापकरात टाकीची मोटर आपोआप चालू-बंद करणारा प्रोग्राम बसवलेला साठीतला माणूस एकच, आणि तो मी! वर्षश्राद्धाच्या सकाळपर्यंत हे मी येईल त्याला सांगत होतो. आता विचारलं तरी सांगत नाही.

आमची द्वारका गेली आणि घरातली मोटर पोरकी झाली. टाकी भरत आली की तिला पाण्याच्या आवाजावरून कळायचं. मी विहिरीवर असलो की मोबाईलवर तिच्या आवाजात निरोप यायचा, "अवो, बंद करा!" मला आवाजावरून काही कळत नाही. ती गेल्यावर मी गच्चीचं तळं केलं, मग एक मोटर जाळली. पोरगा रणजित पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत. त्याचं एकच टुमणं, "तात्या, तुम्हाला एकट्याला जमत नाही. श्राद्ध झालं की पुण्याला चला. घराला कुलूप लावू."

कुलूप! तिची चप्पल अजून दाराशी आहे त्या घराला कुलूप!

मी ठरवलं, मोटर चालवूनच दाखवायची. इंटरनेटवर असले प्रोग्राम फुकट मिळतात. कुणीही घ्यावा, उघडावा, हवा तसा बदलावा. मी उघडला. टाकीत किती सेंटिमीटर पाणी आहे ते मोजायचं. तीसच्या खाली गेलं की मोटर चालू, एकशे तीसच्या वर गेलं की बंद. पण या एवढ्याशा आकड्याला लिहिणाऱ्यानं चार बाईटची जागा दिलेली! अब्जातला आकडा मावेल एवढी! माझ्या गच्चीवर काय उजनी धरण आहे? मी ती जागा एका बाईटवर आणली. द्वारका दूध तापवायला नेहमी एक नंबर मोठं पातेलं घ्यायची, तेव्हाही मी असाच करवादायचो. ती म्हणायची, "उतू गेल्यावर तुमी पुसणार हाय का?"

ही सुधारणा मी मूळ प्रोग्रामवाल्यांनाही पाठवून दिली. आपलं डोकं आपल्यापुरतं कशाला ठेवा!

अंगणातल्या कमरेएवढ्या पिंपात, बंदचा आकडा तेवढ्यापुरता ऐंशीवर आणून, चाचणी घेतली. झकास! मग सगळं गच्चीवरच्या टाकीला जोडलं आणि मागं एक भोंगा बांधला. मोबाईलमधले द्वारकेचे दोन निरोप त्यात घातले. टाकी भरली की एक, रिकामी झाली की दुसरा. भोंग्याचं मात्र कुणाला सांगितलं नाही. जेवणं झाली की रणजितला दाखवणार होतो.

श्राद्धाला सगळे जमले. गच्चीच्या कठड्याला बांधून अंगणात कापडी मांडव घातला होता. कठड्यावर कावळ्यासाठी पान ठेवलं. कावळे समोरच्या नारळावर येऊन बसले, मीटिंगला आल्यासारखे! पण एक खाली येईल तर शपथ. कावळ्यानं घास घेतल्याशिवाय पंगत बसत नाही, आणि खाली आमटी निवत चाललेली.

"आक्काची इच्छा ऱ्हायलीया," माझी मेहुणी साखरबाई म्हणाली. "रणजित, तिचा जीव दाजींच्यात हाय. शब्द दे की रं!"

रणजितनं हात जोडले. "आई, तात्यांना मी पुण्याला नेतो! कायमचं!"

कावळ्यांनी माना फिरवल्या. मला कावळे एवढे कधीच आवडले नव्हते.

आणि तेवढ्यात वरून आवाज आला, "अवो, मोटर चालू करा की! कवाधरनं सांगतीया!"

द्वारकेचा आवाज! साखरबाईनं टाहो फोडला, "आक्का बोलली गं बाई!"

मी चक्रावलो. टाकी तर भरत आलेली! मोबाईलवर बघितलं. पाणी, उणे एकशे अठ्ठावीस सेंटिमीटर! रिकाम्या टाकीपेक्षाही रिकामी टाकी!

"अगं, तो भोंगा हाय! प्रोग्राम चुकलाय!" मी ओरडलो.

"दाजी, आज तरी तिला चुकीची म्हणू नगा!" साखरबाई कडाडली.

"अवो, मोटर चालू करा की!" वरून पुन्हा.

"करतो आक्का, करतो!" म्हणत मेहुणा दादासो धावला आणि त्यानं दाराजवळच्या बोअरच्या मोटरचं हिरवं बटण दाबलं.

"अवं दादासो, विहिरीची आधीच चालू हाय!"

"आसू द्या की! ह्यीबी चालू करतो. तिची हौस फिटू द्या!"

दोन मोटरी आणि भरलेली टाकी! कठड्यालगतच्या टाकीतलं पाणी कठड्यावरून मांडवाच्या कापडात उतरलं. कापडाला गाभण म्हशीसारखं पोट सुटलं. मी "पळा!" म्हणेपर्यंत म्हैस व्याली! आमटी, गुळवणी आणि गुरुजी एकाच लोंढ्यात गोठ्याकडे निघाले. कठड्यावरचं पान खाली चिखलात पडलं, आणि नारळावरचे सगळे कावळे त्यावर तुटून पडले!

"शिवला!" दादासो घसा फाटेल एवढ्या आवाजात ओरडला. ओलीचिंब मंडळी हात जोडून उभी राहिली.

मी फ्यूज काढला. रणजितनं माझा प्रोग्राम उघडला. "तात्या, एका बाईटमध्ये एकशे सत्तावीसच्या पुढं आकडा जात नाही. एक वाढला की थेट उणे एकशे अठ्ठावीस. पाणी एकशे तीसच्या वर गेलेलं याला जन्मात कळलं नसतं! कशाला बदललंत?"

"जागा वाचवली."

"किती?"

"तीन बाईट."

त्यानं प्रोग्राम बंद केला. मग बॅग आणायला निघाला. माझी बॅग! साखरबाई पदर पिळत आडवी आली. "खबरदार! आक्कानं सोताच्या तोंडानं सांगितलंया, कावळ्यानंबी मान्य केलंया. दाजी पुण्याला गेल्यावर हितली मोटर कोण चालू करणार?"

रणजितनं तोंड उघडलं. भोंगा, बाईट, सगळं सांगायला. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं दाराशी असलेल्या चपलेकडे बघितलं, आणि तोंड मिटलं. जाताना चार बाईट परत करून गेला.

आता मोटर वेळेवर बंद होते. "अवो, बंद करा!" असं ती रोज एकदा म्हणते आणि मी "व्हय" म्हणतो.

मूळ प्रोग्रामवाल्यांचंही उत्तर आलं. माझी सुधारणा त्यांनी आभार मानून नाकारली. काही बिघडत नाही! परवा कऱ्हाटीहून एका पाहुण्यांचा फोन आला. त्यांच्याकडे वडिलांचं श्राद्ध होतं आणि मागच्या वर्षी कावळ्यानं फार ताटकळत ठेवलेलं. मी लगेच दुरुस्त केलेला प्रोग्राम पाठवला. अर्ध्या तासात पुन्हा फोन.

"तात्या, ह्यो बरोबर चालतोय वो! आमाला तो चुकलेला पायजे!"