येऊ दे, येऊ दे, बास

गाडी विकल्यापासून एलिएसेर घरात एका जागी टिकत नव्हता. कॉफीचा कप घेऊन अंगणात जायचा, अर्धा पिऊन कुठेतरी ठेवायचा आणि मग तोच कप शोधत घरभर फिरायचा. झुल्यात आडवा पडला तरी त्याचा उजवा पाय आपला ब्रेक दाबत राहायचा. चाळीस वर्षं त्याने मागदालेना नदीकाठच्या गावांतून प्रवासी गाडी चालवली होती आणि एवढ्या काळात तिला साधा ओरखडा आला नव्हता. हे तो कुणालाही सांगायचा, समोरच्याने विचारलेलं नसलं तरी. शेवटी डाव्या गुडघ्याने क्लच दाबायला नकार दिला आणि गाडी गेली.

गुडघ्याचं दुःख त्याला फारसं नव्हतं. धास्ती होती ती जुलैची. जुलैमध्ये कार्मेनमातेचा सण. ती ड्रायव्हरांची माता. त्या दिवशी गावातली झाडून सगळी वाहनं फुगे-फुलं लावून चौकात उभी राहतात, फादर एवारिस्तो त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात, आणि मग मातेच्या ट्रकमागून हॉर्न वाजवत मिरवणूक निघते. मातेच्या अगदी पाठीमागची जागा एलिएसेरच्या गाडीची. तिथे दुसऱ्या कुणी बंपर घालायची हिंमत केली नव्हती. यंदा तिथे गाडीच नव्हती.

ड्रायव्हर संघटनेचा अध्यक्ष निकानोर म्हणाला, माझ्या खडीच्या ट्रकात बस की शेजारी. निकानोर म्हणजे एलिएसेरच्या मुलीचा धर्मपिता, तेव्हा दोघं एकमेकांना कोम्पाद्रे म्हणत आणि त्या नात्याने एकमेकांना वाटेल ते बोलत.

"दुसऱ्याच्या गाडीत, प्रवासी म्हणून?" एलिएसेर म्हणाला. "त्यापेक्षा मी घरी कांदे सोलत बसेन."

कांदे सोलायची वेळ आली नाही, कारण मेदेयीनला राहणाऱ्या त्या मुलीने, यादिराने, बाबांचा वेळ जावा म्हणून कॅमेऱ्याचा एक ड्रोन पाठवून दिला. एलिएसेरने खोकं उघडलं, चार पंखे बोटाने फिरवून बघितले आणि तसाच ड्रोन काखेत मारून निकानोरकडे गेला. हेही वाहनच आहे, असं त्याचं म्हणणं. निकानोरने ड्रोन उलटा करून चाकं शोधली. बराच वाद झाला. अखेर निकानोर म्हणाला, "हे बघ कोम्पाद्रे, सणाच्या दिवशी याच्यावरून मिरवणुकीचा व्हिडिओ काढ. संध्याकाळी चर्चच्या भिंतीवर सगळ्या गावाला दाखवू. चांगला निघाला तर मिरवणुकीत तुझी जागा कायमची. आपटलास, तर पुढच्या वर्षीपासून कडेला उभं राहायचं, मेणबत्ती घेऊन, बायकांच्यात."

"मी? आपटणार?" एलिएसेर म्हणाला.

तो त्याच दुपारी आपटला.

ड्रोन छान वर गेला, अंगणावर थांबला, आणि एलिएसेरने तो जरा मागे घेतला. मागे आंब्याचं झाड होतं. हे झाड गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होतं. पानं, काटक्या, दोन कच्चे आंबे आणि ड्रोन एकदमच खाली आले. बायको नोएमी स्वयंपाकघरातून बाहेर आली तेव्हा तो झाडाकडे नाही, रस्त्याकडे बघत होता.

"चूक क्लीनरची आहे," तो म्हणाला.

"कुठला क्लीनर?"

"तेच तर. रिव्हर्स घेताना मागे क्लीनर नको? मी क्लीनरशिवाय कधी रिव्हर्स घेतलाय?"

त्या दिवसापासून नोएमी क्लीनर झाली. ड्रोन मागे यायला लागला की ती हात हलवत ओरडायची, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बास!" आणि तो थांबवायचा. आंब्याला पुन्हा धक्का लागला नाही. नोएमीला वाटलं, चला, शिकला.

मग ड्रोन एनेइदाच्या कपड्यांच्या दोरीवर गेला. एनेइदा पलीकडच्या घरातली विधवा. ड्रोनचं तोंड एलिएसेरकडे होतं, आणि अशा वेळी डावीकडे न्यायला जावं तर तो उजवीकडे जातो, हे एलिएसेरला तिच्या वाळत घातलेल्या गाऊनमध्ये तो गुरफटल्यावर कळलं. एनेइदा ड्रोनला कोंबडीसारखं तंगडीला धरून घेऊन आली.

"नवरा गेल्यापासून माझ्या गाऊनमध्ये कुणी शिरलं नव्हतं," ती म्हणाली. "तुझ्या पोरीला म्हणावं, आभारी आहे."

एलिएसेरने आठवडाभर हात उलटे फिरवायचा सराव केला. जेवताना मीठ मागायचं असलं तरी आधी हात उलट्या बाजूला जायचा. तेही जमलं. पण बॅटरी राहिलीच होती. लाल दिवा लुकलुकायला लागला तेव्हा नोएमीने दोनदा सांगितलं. तो म्हणाला, काटा लाल झाला म्हणजे अजून पुढच्या गावापर्यंत आरामात जातं, सगळ्या ड्रायव्हरांना माहीत असतं. ड्रोन ड्रायव्हर नव्हता. तो फादर एवारिस्तोंच्या खुराड्यात उतरला, आणि फादर स्वतः पिसं झटकत तो परत द्यायला आले.

नोएमीने फादरांकडे पाहिलं, त्यांच्या हातातल्या ड्रोनकडे पाहिलं, आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"याला आशीर्वादच मिळालेला नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "तू कधी आशीर्वादाशिवाय गाडी काढली होतीस?"

एलिएसेरने आठवून पाहिलं. नव्हती काढली. नवे टायरसुद्धा त्याने फादरांना दाखवूनच बसवले होते. हे आधी का सुचलं नाही, म्हणून तो रात्री झोपेनासा झाला.

सणाच्या दिवशी चौकात ट्रक, जीप, मोटारसायकली, गाढवाच्या दोन गाड्या आणि एका टोकाला प्लास्टिकच्या खुर्चीवर फुगा बांधलेला ड्रोन असे रांगेत लागले. फादर बादली आणि पाल्याचा झाडू घेऊन निघाले. फादरांचा हात सढळ. ट्रकच्या काचेवर दोन फटके मारले तर ड्रायव्हरचा शर्ट ओला व्हायचा. एलिएसेर खुर्चीपुढे वाकून हळूच म्हणाला, "फादर, याला थेंबभरच. आत तारा आहेत."

"थेंबभर?" नोएमी मागून म्हणाली. "तीन वेळा पडलाय हा. फादर, तुम्ही व्यवस्थित द्या."

फादरांनी व्यवस्थित दिलं.

ड्रोनने एक बारीकसा आवाज काढला आणि मान टाकली. कॅमेरा वाकडा झाला. मिरवणूक सुटायला फार वेळ नव्हता. एलिएसेर ड्रोन छातीशी धरून लंगडत घरी पळाला, नोएमीने तांदळाच्या पिंपात त्याला गळ्यापर्यंत पुरलं, वरून केस वाळवायचं यंत्र धरलं, आणि दोघं पिंपाभोवती फेऱ्या मारत राहिली. बाहेर एकेक इंजिन सुरू व्हायला लागलं. एलिएसेरला प्रत्येकाचा आवाज ओळखू येत होता. "हा निकानोर," तो म्हणाला. "हा मातेचा ट्रक. मातेचा ट्रक निघाला, नोएमी."

ड्रोन बाहेर काढला तेव्हा पंख्यांतून तांदूळ गळत होते, पण दिवे लागले. पंखेही फिरले. फक्त कॅमेरा खाली वळेना. तो सरळ समोर बघत होता, मान आखडलेल्या माणसासारखा.

म्हणजे वरून मिरवणूक दिसणार नव्हती. वर नेला तर नुसतं आकाश. आकाश गावाने पाहिलेलं होतं. माणसं दिसायला हवी असतील तर ड्रोन खालीच ठेवायला हवा, मातेच्या ट्रकच्या पुढे, तिच्याकडे तोंड करून, आणि ट्रक पुढे येईल तसा मागे मागे घ्यायला हवा. एलिएसेर रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि त्याला घाम फुटला. मागे घ्यायचं, तेही डावं-उजवं उलटं, आणि त्या भिजण्यात बॅटरी अर्धी झालेली. तिन्ही आपटणी एकाच वेळी समोरून येत होती.

पण तो शिकलेला होता. नोएमी पुढे जाऊन उभी राहिली, हात हलवायला लागली. "येऊ दे, येऊ दे." त्याने ड्रोन विजेच्या तारेखालून काढला, औषधाच्या दुकानाची पाटी चुकवली. डावीकडे न्यायचं तेव्हा उजवीकडे दाबलं आणि ड्रोन मुकाट्याने डावीकडे गेला. निकानोरने खिडकीतून अंगठा दाखवला. एलिएसेरच्या पाठीचा कणा कित्येक महिन्यांनी सरळ झाला.

मग मातेचा ट्रक चर्चसमोर आला.

चर्चसमोर आलं की सगळ्यांनी एकदम हॉर्न दाबायचा, ही रीत आहे. चाळीस वर्षं सगळ्यात लांब हॉर्न एलिएसेरचाच असायचा. आज तो पहिल्यांदाच हॉर्नच्या बाहेरच्या बाजूला उभा होता, आणि बाहेरून तो किती मोठा असतो हे त्याला माहीत नव्हतं. नोएमी ओरडत होती. तिचं तोंड उघडत-मिटत होतं. ते "येऊ दे" होतं की "बास", कळायला मार्ग नव्हता. एलिएसेरने विश्वासाने आणखी थोडं मागे घेतलं.

रस्त्यावर आडव्या बांधलेल्या पताकांत ड्रोन अडकला, दोनदा फडफडला आणि लटकला. मातेचा ट्रक त्याच चालीने पुढे आला. मूर्तीवरच्या फुलांच्या कमानीने पताकांची दोरी तोडली, ड्रोनने गिरकी घेतली आणि तो मातेच्या खांद्यापाशी, शेवंतीत, तोंड खाली रस्त्याकडे झुकवून जाऊन बसला. लाल दिवा लुकलुकत होता.

एलिएसेर धावला. गुडघा म्हणाला नको, तरी धावला. वर बघत, तोंड उघडं, एक हात पुढे केलेला, असा तो नदीपर्यंत ट्रकच्या कडेने गेला. पण मिरवणुकीत मातेचा ट्रक कुणासाठी थांबवत नाहीत, आणि नदीपाशी पोचेतो दिवा विझला होता.

संध्याकाळी त्याला चर्चकडे जायचं नव्हतं. त्याने नोएमीला घरातली मेणबत्ती काढायला सांगितली, म्हणजे आत्तापासूनच सवय होईल. नोएमीने त्याला दंडाला धरून नेलं. निकानोरने ड्रोनमधलं जे काही होतं ते भिंतीवर लावलं. आधी ट्रक हलत हलत पुढे आले, मग पताका, मग सगळं गरगरलं. मागे कुणीतरी हसलं. आणि मग चित्र स्थिर झालं.

मातेच्या खांद्यावरून गाव दिसत होतं. आकाश नव्हतं, गाड्यांचे टपही नव्हते, फक्त कडेला उभी असलेली माणसं. एकेक जण वर बघत होता, अगदी जवळून, थेट डोळ्यांत. एनेइदा ओठ हलवत होती. गॅरेजमधला मेकॅनिक, ज्याला कधी कुणी चर्चमध्ये पाहिलं नव्हतं, तो टोपी काढत होता.  माता त्यांच्याकडे बघते तेव्हा तिला काय दिसतं, हे या गावाने कधी पाहिलं नव्हतं.

शेवटी एलिएसेर आला. वर बघत, हात पुढे करून, धापा टाकत, डोळ्यांत पाणी. दिवा विझेपर्यंत भिंतीवर तोच होता. बायका डोळे पुसायला लागल्या. एवढी भक्ती, एनेइदा म्हणाली, आणि आपल्याला इतकी वर्षं कळलं नाही. तो लाल दिव्याकडे बघत होता, हे एकट्या नोएमीला माहीत होतं. तिने आपलं रुमालाने नाक पुसलं.

निकानोरने प्रोजेक्टर बंद केला. मग जवळ येऊन त्याने एलिएसेरच्या खांद्यावर हात ठेवला.

"पुढच्या वर्षी तू मातेच्या ट्रकवरच बस, कोम्पाद्रे."

"पण मी आपटलो," एलिएसेर म्हणाला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता.

"पुन्हा तसंच आपटायचं," फादर एवारिस्तो म्हणाले. "तिथेच. डाव्या खांद्याशी. मला दुसरीकडे नकोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी एलिएसेरने अंगणात एक खुर्ची ठेवली, तिच्यावर उशी उभी केली, उशीला नोएमीची निळी शाल पांघरली आणि रिमोट हातात घेतला. कॉफीचा कप त्याने ठेवला होता तिथेच होता. नोएमी एप्रनला हात पुसत उशीमागे जाऊन उभी राहिली.

"येऊ दे," ती म्हणाली. "येऊ दे, येऊ दे. जरा डावीकडे. हां. आता आपट."