मेहुण्याच्या नावावरची झोप

कोटाची बाही शिवता शिवता टेलरमास्तरांना डुलकी लागली. पाय मात्र मशीनच्या पायट्यावरच राहिला, आणि जाग आली तेव्हा बाहीचं तोंड शिवून बंद झालेलं होतं. ते मास्तरांच्या ध्यानातही आलं नाही. गिऱ्हाईक कोट घालून बघायला आलं, तर आत गेलेला हात बाहेर येईना. मास्तरांनी माफी मागितली, कात्री घेऊन टाके उसवायला बसले आणि उसवता उसवता पुन्हा पेंगले. गिऱ्हाईक बिचारं एक हात कोटात कोंडून समोर उभं.

रात्री मास्तर झोपत नसत असं नाही. घोरणं तर असं, की शेजारच्यांनी मधल्या भिंतीपासून पलंग लांब हलवला होता. बायकोला घोरण्याचं काही वाटत नसे, तिला भीती होती ती घोरणं थांबण्याची. मधेच श्वास बंद पडे आणि खोली एकदम शांत होई. ती दचकून उठे, कोपराने ढोसे, आणि बुडता माणूस पाण्यावर यावा तसा मास्तर श्वास ओढत. नवरा असाच एखाद्या रात्री झोपेत जाईल, हा धसका तिने घेतला होता. त्यामुळे घरात झोपेला मुकलेली माणसं एकाची दोन झाली होती.

शेवटी दोघं झोपेच्या डॉक्टरांकडे गेले. बाहेरच्या सगळ्या खुर्च्यांना हात होते, त्यामुळे मास्तर उभेच राहिले. वजनकाटा येण्याजाण्याच्या वाटेत होता आणि मदतनीस बाईंचा आवाज खणखणीत, त्यामुळे मास्तरांचं वजन जिन्यापर्यंत सगळ्यांना कळलं. रक्तदाबाचा पट्टा दंडाला पुरेना. मास्तरांच्या दुकानात कॉलर मानेला पुरली नाही तर कॉलर उसवत. इथे बाईंनी दंडाकडे बघून मान हलवली.

डॉक्टरांनी तक्रार अर्धीच ऐकली. मास्तरांना त्याची सवय होती. मागे कानात किडा गेला होता, तेव्हाही त्यांना आधी वजन उतरवायला सांगितलं होतं.

"आधी वजन उतरवा, मग तपासणीचं बघू," डॉक्टर म्हणाले.

"पण यांचा श्वास बंद पडतो हो," बायको म्हणाली.

"वजनामुळेच. ते उतरलं की आपोआप सुरळीत होईल."

"आणि तोवर?"

"तोवर प्रयत्न करायचे."

मास्तरांनी प्रयत्न केले. अर्धपोटी राहिले, सकाळी चालायला गेले आणि बागेच्या बाकावर झोपले. वजन थोडं उतरलं आणि येताना सोबत आणखी थोडं घेऊन परत आलं. इस्त्री हातात असताना डोळा लागला आणि एका वकिलाचा कोट पाठीवर जळला. मग एक दिवस मशीनची सुई बोटातून आरपार गेली. त्या दिवशी मास्तर कपडे बदलायच्या खोलीत पडदा लावून रडले. आपल्यातच काहीतरी खोट आहे, आपण हावरट आहोत, आळशी आहोत, असं त्यांना आता मनापासून वाटू लागलं होतं.

दुसऱ्या खेपेला गाडी चालवायला मेहुणा आला. मास्तरांच्या हाती चाक द्यायला बायको आता तयार नव्हती. हा मेहुणा म्हणजे काडीपैलवान. त्याच्या शर्टाचं माप घेताना मास्तरांना टेप दुमडावी लागे. डॉक्टरांनी पुन्हा तेच सांगितलं आणि मास्तरांचा चेहरा पडला. मेहुण्याला वाईट वाटलं.

"मनाला लावून घेऊ नका, दाजी," तो म्हणाला. "घोरतो तर मीही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही घोरता? एवढ्याशा अंगाला? हे गंभीर असू शकतं. आजच तपासणी करून घ्या."

मला सर्दी झाली आहे, असं मेहुणा सांगत राहिला, पण डॉक्टरांनी हयगय नको म्हणून बजावलं आणि तपासणीचं यंत्र घरी न्यायला दिलं. छातीला पट्टा, नाकाला नळी, बोटाला चिमटा लावायचा आणि झोपायचं.

बायको गाडीत यंत्राची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. घर जवळ आल्यावर तिने एवढंच विचारलं, "अहो, हा पट्टा वाढवता येईल?"

मास्तरांनी पट्ट्याला कापडाचा जोड दिला. सकाळी जोड उसवून पट्टा होता तसा केला. एवढं नेटकं काम त्यांच्या हातून कित्येक दिवसांत झालं नव्हतं.

अहवाल बघून डॉक्टर हादरले. झोपेत श्वास इतक्या वेळा थांबतो, तुम्ही चालता-बोलता कसे, असं त्यांनी मेहुण्याला विचारलं.

"वजन कमी करू का?" मेहुण्याने भाबडेपणाने विचारलं.

"वजनाचा काय संबंध? एकेकाच्या घशाची ठेवणच तशी असते. रात्री झोपताना हवेच्या यंत्राचा मास्क लावायचा, आजपासून."

बायको खुर्चीतून अर्धी उठली. मास्तरांनी तिचा हात घट्ट धरून तिला खाली बसवलं. खरं सांगितलं असतं, तर तो घसा तत्काळ जाड माणसाचा झाला असता आणि मास्क टेबलाच्या पलीकडेच राहिला असता.

मास्तरांनी मास्क लावला आणि घोरणं बंद झालं. त्या शांततेनेच बायको आधी घाबरली, मग तिलाही गाढ झोप लागली. सकाळी मास्तर कितीतरी वेळ पलंगावर नुसते बसून होते. जागं असणं असं असतं, हे ते विसरूनच गेले होते.

पुढच्या भेटीला मेहुण्याला जावंच लागलं आणि मास्तर सोबत गेले. मेहुण्याची प्रगती बघून डॉक्टर खूश झाले. मग त्यांचं लक्ष मास्तरांकडे गेलं.

"तुम्हीही तरतरीत दिसताय. दिवसा झोप येते?"

"नाही येत."

"बघा. उतरवलंत ना शेवटी वजन?"

त्याच आठवड्यात मास्तरांनी स्वतःच्या पँटची कंबर बोटभर वाढवली होती. त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा जमिनीकडे बघत होता.

"हो," मास्तर म्हणाले. "उतरवलं."

डॉक्टरांचा आनंद त्या खोलीत मावेना. ते स्वतः दारापर्यंत आले. बाहेर एक जाडजूड शिक्षिका भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे मिटत होते.

"बाई, यांच्याकडे बघा," डॉक्टर म्हणाले. "मनावर घेतलं की होतं. कसं जमवलं ते विचारा यांना."

डॉक्टर आत गेले. बाई मास्तरांजवळ आल्या. वर्गात फळ्यावर लिहिता लिहिता आपण कोसळलो, मुलं घाबरून रडली, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

"तुम्ही नक्की काय केलंत हो?"

मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तुमच्या घरात कुणी बारीक माणूस आहे का?"

बाईंनी जरा विचार केला.

"नाही हो. आमच्याकडे सगळे माझ्यासारखेच."

तेवढ्यात काट्यावर उभं राहायला बाईंना खणखणीत हाक आली.